बाराला अकरा

गुजरीत दुपारी साडेतीनला
उन्हाची एकच तिरीप माझ्या तराजूच्या काचेवर येते.
त्याच वेळी सुगलाबाई पदराची गाठ सोडतात.
गाठीत आणखी एक गाठ, तिच्या आत
औषधाच्या चिठ्ठीत गुंडाळलेला
एकोणीसशे अकराचा रुपया.

"बगा की ओ, खरा हाय का."

वाजवला नाही. वाजवायचा बाजारात,
इथं आधी तोलायचा.
पुरा एक तोळा असायला हवा होता,
गुंजभर कमी भरला.
एवढी गुंज कुणाच्या बोटांना लागून गेली
हे कुठल्या वहीत लिहिलेलं नसतं.

मग भिंग.
डावीकडे बघणारा राजा. दाढी, मुकुट,
झग्यावरची वेलबुट्टी इतकी बारीक
की कोरणाऱ्याचे डोळे चुरचुरले असतील.
आणि छातीवरच्या साखळीत तो प्राणी.

त्यानं काढला होता हत्ती.
सोंड आखूड झाली, पाय गुबगुबीत झाले,
लोकांना दिसलं डुक्कर.
कुजबुज वाढली. सरकारनं घाईघाईनं
नाणी माघारी घेतली, भट्टीत लोटली,
पुढल्या वर्षीच्या हत्तीला नीट सोंड दिली.
एवढं थोरलं राज्य,
आणि एवढ्याशा नाकाला भ्यालं.

उलटा केला.
काठानं वेल, वेलीत परदेशी फुलं,
त्यांच्यात एक कमळ अंग चोरून बसलेलं,
पाहुण्यांच्या पंगतीत बसावं तसं.
पंगत खरं तर त्याच्याच घरची.
मधे इंग्रजीत एक रुपया, फारसीत एक रुपया.
मराठीत काही नाही.

आणि वर, मुकुटाच्या अगदी टोकाला,
करड्या डाखाचा फोड.

ताराबाई पार्कातल्या दिवाणसरांना फोन लावला.
साल ऐकून त्यांचा आवाज उभा राहिला.
डाख ऐकून बसला.
"कडी लावली होती? मग मोडीत घाला."

सुगलाबाईंना मी हे जरा गाळून सांगितलं.
त्या हसल्या. "कडी आमच्या मामंजींनीच लावल्याली."

मामंजी म्हणजे नेमगोंडा मुधाळे, हुपरीचे आटणीवाले.
सावकाराकडनं रुपयांचं पोतं यायचं,
मुशीत राजे एकावर एक पडायचे, त्यांची पैंजणं व्हायची.
एकदा एक राजा चिमट्यातच थांबला.
छातीवरचं जनावर बघून मामंजी इतके हसले
की भाता मारणारा पोरगा घाबरला.
तो एक बाजूला ठेवला,
पोत्यात तेवढीच आपली चांदी घातली, तोळ्याला तोळा.

"मग म्हशीला घातला."
"कुणाला?"
"लाखीला. पाडव्याला. शिंगास्नी रंग, पायात घुंगरं,
गळ्यात ह्यो. सगळी पेठ बघाय आल्ती.
मामंजी म्हणायचं, राजाच्या छातीवर डुक्कर,
आन् राजा म्हशीच्या छातीवर. आता झाला हिशोब."

कमी पडलेली गुंज कुठं गेली ते मला कळलं.
लाखीच्या मानेवर, आणि तिच्यामागून
आलेल्या तीन म्हशींच्या मानेवर,
पाडव्यामागून पाडवा, घासत घासत.

"बाराला अकरा चांदी," म्हातारा सांगायचा म्हणे,
"बारावा वाटा तांब्याचा. त्याला हिणकस म्हणू ने.
त्यो नसता तर राजा बोटानं वाकला असता."

कडी उन्हाळ्यात तुटली. म्हणून आल्या होत्या.
विकायचा नव्हताच,
खरा आहे का एवढंच विचारायचं होतं
आणि मी आपला भाव काढत बसलो होतो.

फुंकणी घेतली. जुन्या फोडावरच नवा डाख धरला.
क्षणभर मुकुट काळा पडला,
राजाचा चेहरा धुरकटला,
डुक्कर तेवढं चमकत राहिलं.

मजुरी चाळीस सांगितली.
घासाघीस करून त्यांनी तीस दिले,
गाठीत गाठ मारली
आणि म्हणाल्या, "रेडी झालीया औंदा. लई मस्तीची हाय."